चढणीच्या माशांची वाट

मृगाच्या नुसत्या दोन-चार सरींनी काही होत नाही. घाटमाथ्यावर रात्रभर कोसळावे लागते, ओढे तांबडे होऊन फुगावे लागतात, खाचरांचे बांध ओलांडून शेतातले पाणी नदीत उतरावे लागते. एवढे सगळे एका रात्रीत जुळून आले, की त्या उतरत्या पाण्याला छाती भिडवून मासे उलटे निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून वहाळात, वहाळातून थेट भाताच्या खाचरात. अंगठ्याएवढ्या मुऱ्यांपासून हातभर लांबीच्या मरळीपर्यंत सारे एकाच ओढीने वर सरकत असतात. ठाणे, रायगड आणि पालघरमध्ये याला वलगण म्हणतात. दक्षिण कोकणात हेच चढणीचे मासे.

बातमी पसरायला वेळ लागत नाही. पूर्वी ती एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर हाकेने जायची, आता मोबाइलवरच्या चित्रफितीने जाते. पहाटेच्या कर्जत आणि कसारा लोकलमधून पाग खांद्यावर टाकलेली माणसे वांगणी, शेलू, नेरळला आणि तिकडे टिटवाळा, खडवलीला उतरतात. कल्याण-मुरबाड रस्त्यावर रायत्याच्या पुलाजवळ मोटारसायकलींची रांग लागते. कोणाकडे नायलॉनची जाळी, कोणाकडे बांबूला बांधलेली मच्छरदाणी, कोणाकडे आईची जुनी साडी, कोणाकडे नुसती काठी आणि कोयता. कपाळावर बॅटरीचे दिवे बांधलेले असतात. पाणी गुडघाभर असते तिथे माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि एकाच्या पागात दुसऱ्याचा पाग अडकतो.

या गर्दीत ठाण्याच्या कोपरीतली माणसेही असतात, आणि त्यात नवल नाही. कोपरी म्हणजे ठाणे स्थानकाच्या पूर्वेची खाडीकाठची वस्ती. मिठागरांच्या काळाची आठवण मिठबंदर रस्त्याच्या नावात अजून टिकून आहे. शेजारी चेंदणी कोळीवाडा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि रुळांनी हा कोळीवाडा पूर्व-पश्चिम असा दुभागला. दोन्ही बाजूंच्या घरांची नाळ मात्र खाडीशीच राहिली. खाडीत डोल लावणारी, पाग टाकणारी, गरीने मासे काढणारी कुटुंबे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यातल्या पुष्कळांनी आता नोकऱ्या धरल्या आहेत, पण पहिला मोठा पाऊस झाला की हात शिवशिवतातच.

ठाण्याची खाडी आणि उल्हास नदी हे एकाच पाण्याचे दोन भाग आहेत. लोणावळ्याजवळच्या राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते, तिथून डोंबिवली आणि दिव्याच्या बाजूने ठाण्याच्या उत्तरेला पोचते. तिचा मोठा ओघ पश्चिमेला वसईच्या खाडीकडे जातो. एक अरुंद फाटा कशेळी, बाळकूम, साकेत आणि कळव्यावरून दक्षिणेला उतरतो आणि कोपरीसमोरून ठाणे खाडीत शिरतो. साष्टी बेट ठरते ते या फाट्यामुळे. म्हणजे कोपरीच्या चिखलातून निघालेल्या माशाला वाट मोकळी असेल, तर तो रेल्वेच्या पुलाखालून उत्तरेला जाऊन उल्हासला लागू शकतो. कल्याणपर्यंत भरतीचे पाणी पोचते, म्हणून तर कल्याण हे प्राचीन काळापासून बंदर होते आणि म्हणूनच १६५७ मध्ये कल्याण ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांना दुर्गाडीच्या पायथ्याशी जहाजे बांधायला जागा मिळाली. भरतीची हद्द संपते तिथे गोड्या पाण्याची चढण सुरू होते.

वरच्या अंगाला या नदीला मोठा परिवार आहे. बारवी तिला बदलापूरच्या खाली मिळते. काळू माळशेजच्या बाजूने आणि भातसा थळ घाटाच्या बाजूने येऊन एकत्र होतात व कल्याणजवळ उल्हासमध्ये उतरतात. शिवाय एक पाणी माणसाने आणलेले आहे. घाटावरच्या आंध्रा खोऱ्यातले पाणी बोगद्यातून खाली आणून टाटांनी १९२२ मध्ये भिवपुरीला वीजकेंद्र सुरू केले. चक्रे फिरवून झालेले ते पाणी उल्हासमध्ये सोडले जाते. कोकणातल्या बहुतेक नद्या माघ-फाल्गुनात डबक्यांवर येतात, उल्हास मात्र वैशाखातही वाहते ती यामुळे. उन्हाळाभर डोहांत मासा जगून राहतो आणि मृगाला चढायला तयार असतो.

चढतो कशासाठी, याचे उत्तर अंड्यांत आहे. आपल्याकडच्या गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांची विणीची वेळ पावसाळ्याची सुरुवात हीच. मे महिन्यात पाणी तापते, मादीच्या पोटात गाभोळी भरू लागते. मग एका रात्रीत पाण्याचा थंडावा, गढूळपणा, वेग सगळे बदलते. नवे पाणी डोंगरावरून आणि शेतांतून माती, शेणखत, पालापाचोळा घेऊन आलेले असते. माशाला यातून खूण मिळते, की वर उथळ पाण्याची विस्तीर्ण कुरणे तयार झाली आहेत, जिथे मोठे शिकारी मासे नाहीत आणि पिल्लांना खायला सूक्ष्म जीव भरपूर आहेत. रोहूसारख्या माशाची मादी वजनाच्या किलोमागे दोन-तीन लाख अंडी सोडते आणि ती पंधरा-अठरा तासांत फुटतात. सगळा मामला एवढ्या घाईचा आहे. पूर ओसरायच्या आत अंडी फुटून पिल्ले पोहती झाली पाहिजेत.

पावसाची ही खूण माशाला इतकी आवश्यक असते, की तळ्यात कोंडलेला रोहू किंवा कटला अंडी भरूनही वीत नाही. मत्स्यशेतीला हा मोठाच अडथळा होता. ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ ला माशाच्या मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्पवर्गीय माशांना बंदिस्त पाण्यात विण्यास लावले, तेव्हा तो सुटला. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्यासाठीच पाळला जातो. आज तळ्यातल्या माशाला सुईने जे मिळते, ते उल्हासच्या माशाला मृगाच्या एका पावसाने मिळत आले आहे.

सगळेच मासे एकाच रीतीने वागत नाहीत. चिवणी ही खाडीच्या मचूळ पाण्यातली. पावसाने खाडीचा खारटपणा उतरला, की ती खाजणाच्या शेतांत आणि ओढ्यांच्या तोंडाशी विणीला येते. आगरी-कोळी घरांत आषाढातली गाभोळीची चिवणी म्हणजे वर्षाची ठेव असते. चिंच घालून केलेल्या तिच्या कालवणाला दुसऱ्या माशाची सर येत नाही, हे ठाण्यापासून अलिबागपर्यंत कोणीही सांगेल. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते. नारिंगी-तांबड्या पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागावर खदखदत असतो आणि खाली नर-मादी फिरत असतात. तो थवा पाहून जो पाग टाकतो त्याला मोठी मरळ मिळते खरी, पण राखणदार गेल्यावर पिल्लांना बेडूक आणि बगळे उरू देत नाहीत. अहिराची तऱ्हा याच्या अगदी उलट. तो आयुष्य नदीच्या कपारीत काढतो आणि अंडी घालायला पुराबरोबर खाली समुद्रात जातो. त्याची सुतासारखी पिल्ले मग खाडीतून वर येतात. म्हणजे उल्हासच्या पाण्यात पावसाळ्यात दोन्ही दिशांची वाहतूक चाललेली असते, आणि तिचा एक भाग ज्या अरुंद फाट्यातून होतो तो ठाण्यात आहे.

मासे चढतात तेव्हा माणसाने ते पकडणे ही गोष्ट फार जुनी आहे आणि तिच्याकडे गुन्हा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. जूनची सुरुवात म्हणजे घरातले धान्य संपत आलेले, भाजी महाग, पेरणीची धांदल. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते. बाजारात मासा असतो तो सुक्याचा किंवा परवडत नाही असा. कातकऱ्यांच्या दृष्टीने तर या रात्रींचे मोल आणखीच वेगळे आहे. दिवाळीनंतर उचल घेऊन कल्याण, भिवंडी, मुरबाडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबे भट्ट्या बंद झाल्यावर पाऊस तोंडाशी आला असताना पाड्यावर परततात. घर शाकारायचे असते, हातात पैसा थोडा असतो, शेतमजुरी अजून नीट सुरू झालेली नसते. अशा वेळी दाराशी आलेला मासा म्हणजे महिनाभराच्या कोरड्या भाकरीला लागलेले कोरड्यास असते. जास्तीचे मासे चुलीवर धुरी देऊन राखायचे, नातेवाइकांकडे पोचवायचे. नदीचे ज्ञानही याच माणसांकडे सर्वांत पक्के आहे. कोणत्या डोहात कोणता मासा, कोणत्या वळणावर तो पाणी सोडून कडेने चढतो, कोणत्या नक्षत्रात काय मिळते, हे त्यांना नदी वाचून कळते.

जुन्या पद्धतीला मर्यादा तिच्या साधनांनीच घातलेली होती. सुती पाग जड व्हायचा, कुजायचा. बांबूच्या कामट्यांचा सापळा वहाळाच्या एका अंगाला लावता यायचा, आणि त्याच्या फटींतून बारीक मासा निसटायचा. अंधारात गॅसबत्तीच्या उजेडात कोयत्याने मारता येतील तेवढेच मासे हाती लागायचे. त्या एक-दोन रात्री सरल्या, की शेताची कामे माणसाला नदीपासून दूर ओढायची. काठावर वीस माणसे असायची आणि शेते मैलोगणती होती. मारले त्याहून कितीतरी अधिक मासे वर पोचायचे.

आता ही तिन्ही मापे बदलली आहेत. माणसे शेकड्यांनी येतात, साधन स्वस्त आणि निर्दय झाले आहे, आणि शेते कमी झाली आहेत.

मच्छरदाणीच्या विणीतून अंडीसुद्धा जात नाहीत. ती ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत आडवी ताणली, की त्या रात्री त्या ओढ्यात एकही मासा चढत नाही. त्याहून वाईट म्हणजे करंट. वरून गेलेल्या तारेवर आकडा टाकून वायरी पाण्यात सोडायच्या, आणि पोटे वर करून आलेले मासे गोळा करायचे. त्यात डोहातले लहान-मोठे सारे जीव जातात आणि दरवर्षी कुठे ना कुठे ओल्या अंगाने पाण्यात उतरलेली माणसेही जातात. वीजचोरी हा २००३ च्या वीज कायद्याखाली गुन्हा आहे. ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक ओतून मासे मारण्याला आणि सुरुंग लावण्याला तर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच बंदी घातली आहे. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कायदा आहे तो. रात्री दोन वाजता ओढ्याच्या तोंडाशी उभे राहून तो अमलात आणणारे कोणी असावे लागते, एवढीच त्याची उणीव आहे.

नदीवर अशी झुंबड जगात इतरत्रही उडते. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या पुलास्की गावी सामन नदीवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ओंटारिओ सरोवरातून चिनुक सामन चढू लागतात आणि गळ टाकणारे काठावर दाटीवाटीने उभे राहतात. अलास्कात रशियन नदी केनाई नदीला मिळते तिथेही ऐन हंगामात कोपराला कोपर लागतो. पॅसिफिकमधला सामन समुद्रात काही वर्षे वाढतो, जन्मलेल्या ओढ्याचा वास लक्षात ठेवून परत येतो, अंडी घालतो आणि मरतो. त्याच्या कुजणाऱ्या देहावर अस्वले, गरुड आणि काठची झाडेही पोसली जातात. आपला मासा इतका टोकाचा नाही. तो वीण आटोपून परत डोहात येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा चढतो. म्हणजे खरे तर तो वाचवायला सोपा आहे.

पण अलास्कातल्या गर्दीच्या मागे एक हिशेब उभा असतो. नदीच्या पात्रात ध्वनिलहरींची यंत्रे किंवा मोजणीचे बांध बसवून वर गेलेले मासे मोजतात. विणीसाठी किमान किती मासे वर पोचले पाहिजेत याचा आकडा आधी ठरलेला असतो. मासे तेवढे चढत नसतील, तर मत्स्यखाते हंगाम मध्येच थांबवते. मोजणी भरली की मर्यादा सैल होतात. पुलास्कीजवळ ऑल्टमारला सरकारी उबवणी केंद्र आहे, तिथे दरवर्षी अंडी घेऊन पिल्ले नदीत सोडली जातात. एवढ्या गर्दीने मासेमारी करूनही पुढच्या वर्षी नदीत मासा असतो, तो या व्यवस्थेमुळे.

बांगलादेशाचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे, कारण तिथला कोळी आपल्या कोळ्याइतकाच गरीब आहे. तिथे हिलसा समुद्रातून पद्मा-मेघनेत चढतो. आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास, ऐन विणीच्या वेळी, बावीस दिवस हिलसा पकडणे, विकणे आणि वाहून नेणे तिथे बंद असते. पिल्लांच्या मासेमारीला वेगळी बंदी आहे. त्या काळात नोंदलेल्या कोळी कुटुंबांना सरकार तांदूळ देते. २००२-०३ मध्ये दोन लाख टनांच्या आसपास असलेले हिलशाचे उत्पादन २०१७-१८ पर्यंत पाच लाख टनांच्या पुढे गेले. तांदूळ वेळेवर पोचत नाही, पुरत नाही अशा तक्रारी तिथेही आहेत. पण मासा विणीला निघाला असताना त्याला जाऊ द्यायचे आणि त्यासाठी कोळ्याच्या चुलीची काळजी समाजाने घ्यायची, हे तत्त्व त्या देशाने मान्य केले आहे.

उल्हासच्या काठी मासे मोजणारे यंत्र नाही, आणि विणीच्या रात्रीसाठी कातकऱ्याला तांदूळही नाही. तरीही सगळा दोष काठावरच्या गर्दीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मासा चढेना त्याची मोठी कारणे नदीच्याच दशेत आहेत.

अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली, बदलापूर हा राज्यातल्या जुन्या रासायनिक पट्ट्यांपैकी एक. त्याचे सांडपाणी वालधुनीतून आणि नाल्यांतून उल्हासमध्ये आणि खाडीत येत राहिले. ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये सांडपाणी प्रकल्पांना आणि स्थानिक संस्थांना मिळून ९५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्या उल्हासचे पाणी जिल्ह्यातली लाखो माणसे पितात, तिच्यावर मोहन्याजवळ उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवा थर पसरलेला दिसतो. शहरांचे मैलापाणी किती येते याची ती उघडी साक्ष आहे. पहिल्या पुराबरोबर वर्षभराचा हा साचलेला गाळ हलतो, आणि नेमकी तीच वेळ माशाच्या चढणीची असते.

शेतांचे काय झाले, हे लोकलच्या खिडकीतून दिसते. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये लाखाच्या आत होती, २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर बदलापूरपासून वांगणी, शेलू, नेरळपर्यंत खाचरांवर भराव पडत गेले आणि इमारती उठल्या. नदीने आपली जागा सोडलेली नाही. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले, ते पाणी नदीच्या जुन्या पूरमैदानात पसरले होते. ज्या खाचरात मरळ अंडी घालायची, तिथे आता संरक्षक भिंत आहे. मासा भिंतीपर्यंत येतो आणि गटारात शिरतो.

बंधाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. मोहने, आपटी, बदलापूर अशा ठिकाणी उल्हास अडवली आहे, वरच्या बाजूला बारवी आणि भातसा धरणे आहेत. या पाण्यावर मुंबई-ठाणे जगते, ते थांबवा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मोठ्या पुरात बंधारे बुडतात आणि मासा पार होतो. पण पहिल्या मध्यम पुरात तो बंधाऱ्याच्या पायथ्याशी उड्या मारत अडकून पडतो, आणि पाग घेतलेली गर्दी नेमकी तिथेच उभी असते. फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला आणि अलाहाबादपर्यंत जाणारा गंगेतला हिलसा जवळजवळ नाहीसा झाला. याच्या उलट अनुभव ताजा आहे. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे काढून टाकण्याचे काम २०२४ मध्ये संपले आणि त्याच ऑक्टोबरात चिनुक सामन शतकभर बंद असलेल्या वरच्या पाण्यात पोचले. वाट मोकळी झाली की मासा किती लवकर परततो, हे त्यातून कळते. आपल्याला धरण पाडायचे नाही. बंधाऱ्याच्या एका कडेला दगडांचा उतार, किंवा पहिल्या पुराच्या रात्री उघडलेला एक दरवाजा, एवढ्यानेही खूप काही होऊ शकते.

खाली कोपरीसमोरच्या खाडीचीही अवस्था वाईट, पण अगदी आशा सोडावी अशी नाही. चेंदणीत खाडीकाठीच असलेल्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी या खाडीचे पाणी, चिखल, मासे आणि पक्षी यांवर दीर्घकाळ काम केले. गाळ साचून उथळ होत गेलेली आणि मैलापाण्याने प्राणवायू कमी झालेली खाडी त्यांच्या नोंदींत दिसते. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. फ्लेमिंगो पाहायला बोटी जाऊ लागल्या, हे चांगलेच आहे. खाडीतल्या माशाच्या वाटेकडे मात्र अजून तेवढे लक्ष गेलेले नाही. नदीत आणि तलावांत तर १९५२ मध्ये देशात आणलेल्या आफ्रिकेच्या चिलापीने ठाण मांडले आहे. ती घाणीत तगते, वर्षातून अनेकदा विते, तिला चढणीची गरज नाही. ज्याला चढावे लागते तोच मासा हरत जातो.

माशाला अभय देण्याची परंपरा आपल्याकडे नव्याने आणावी लागणार नाही. वाडा तालुक्यात वैतरणेकाठच्या तिळसे गावी तिळसेश्वराच्या देवळापाशी डोहात मोठमोठे मासे फिरतात. त्यांना कोणी मारत नाही, भाविक त्यांना खाऊ घालतात. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत वरदायिनी देवीचे म्हणून महसीर राखले गेले. नदीच्या एका तुकड्यात मासा सुरक्षित राहिला, की त्याची वीण आजूबाजूच्या पाण्यात पसरते. देवराईने जंगलासाठी जे केले ते या कोंडींनी नदीसाठी केले आहे.

शास्त्राची परंपराही घरचीच आहे. कर्नल साइक्स याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून ज्या महसीराचे शास्त्रीय वर्णन केले, तो दख्खनचा खडस पुढे धरणांमुळे आणि सुरुंगांमुळे विरळ झाला. महाराष्ट्राचे मत्स्यसंचालक राहिलेले डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी आधी नर्मदेत चढणाऱ्या हिलशाच्या विणीचा अभ्यास केला होता. निवृत्तीनंतर त्यांनी लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर महसीराची कृत्रिम वीण यशस्वी करून दाखवली. १९७० च्या दशकापासून तिथे तयार झालेली पिल्ले देशभरच्या नद्या-तलावांत गेली. पुरात चढणाऱ्या माशाला नेमके काय हवे असते, हे उल्हासच्या उगमापासून हाकेच्या अंतरावर पन्नास वर्षांपूर्वी शोधले गेले आहे.

मग करायचे काय? वलगण बंद करा असा फतवा काढून काही साधणार नाही, आणि तो निघाला तर पहिला दंड कोयता घेतलेल्या कातकऱ्याला होईल, मच्छरदाणी ताणणाऱ्या टोळीला होणार नाही. पहिल्या पुराच्या दोन-तीन रात्री ओढ्याच्या तोंडाशी आडवी जाळी लागू न देणे, करंट आणि विष यांवर खरोखर कारवाई करणे, बंधाऱ्याच्या पायथ्याशी ठरावीक अंतरात मासेमारीला मनाई ठेवणे, एवढ्यानेही पुष्कळ माद्या वर जातील. जेवणाचा मुख्य सोहळा आश्विनात सरकवता येतो. खाचरातले पाणी आटू लागते, भात पिकायला येते आणि तीन महिने शेतात पोसलेला मासा नदीकडे परत निघतो. बांधाच्या मोरीला तेव्हा कामट्यांचा सापळा लावायचा आणि त्याच्या फटी बारीक पिल्लू निसटेल एवढ्या ठेवायच्या. वीण झालेली असते, मासा भरलेला असतो, आणि पाणी उतरलेले असल्याने माणूस वाहून जाण्याची भीतीही कमी असते.

हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा प्रश्न मुंबई-ठाण्यात बसून अवघड वाटतो, पण वरच्या खोऱ्यात त्याचे उत्तर कायद्यात लिहिलेले आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाड व भिवंडीतली बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या छोट्या जलसाठ्यांचे नियोजन स्थानिक पंचायत व्यवस्थेकडे दिले आणि महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम करून ग्रामसभेला मध्यवर्ती जागा दिली. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर मासे आणि पाण्यातली इतर उत्पादने यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट शब्दांत नमूद आहे. भातसा आणि काळू याच तालुक्यांतून येतात. तिथल्या ग्रामसभांनी मे महिन्याच्या बैठकीत आपल्या ओढ्यांपुरता ठराव केला, कोणत्या रात्री जाळे लागणार नाही आणि बाहेरून येणाऱ्याने कोणाला विचारायचे हे लिहून ठेवले, तर जूनमध्ये खडवली स्थानकावर पाग घेऊन उतरणाऱ्या कोपरीच्या माणसाला नदीवर जाण्याआधी गावात जावे लागेल.